टुकार अंतराळपटांवर वाद घालायचा तर असा घाला

सर्वांत टुकार विज्ञानपट कोणता, हा विषय निघाला की पुढच्या दहा मिनिटांत काय होणार हे ठरलेलं असतं. एक जण म्हणतो, "अंतराळात आवाज कसा येईल?" दुसरा म्हणतो, "अरे, सिनेमा आहे तो." तिसऱ्याने सिनेमा पाहिलेलाच नसतो, पण आवाज त्याचाच सर्वांत मोठा. शेवटी "तुला कळलाच नाही" आणि "मला कळून घ्यायचाही नाही" इथे गाडी अडते आणि विषय बदलतो.

घोळ एकाच ठिकाणी होतो. टुकार म्हणजे काय, हे ठरवायच्या आधीच सिनेमांची नावं घेतली जातात. खालचा क्रम चार-पाच जणांपासून दहा-बारा जणांपर्यंतच्या गटाला पुरतो. पहिल्या दोन पायऱ्या कंटाळवाण्या आहेत, म्हणून त्या गाळायचा मोह होईल. तेवढं मात्र करू नका.

## १. आधी आरोप ठरवा, मग आरोपी

'टुकार' या एका शब्दाखाली निदान चार वेगळे आरोप दडलेले असतात.

पहिला, बनवताच आलं नाही. १९५० च्या दशकातला 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' या आरोपाखाली कायम पिंजऱ्यात उभा असतो. एकाच सलग प्रसंगात एका शॉटला दिवस आणि दुसऱ्या शॉटला रात्र, अशी त्याची तऱ्हा. दुसरा आरोप, सगळं हाताशी असून निर्णय चुकले. 'बॅटलफील्ड अर्थ' (२०००) याचा नमुना. पैसा होता, नावाजलेला नट होता, तरी जवळजवळ प्रत्येक शॉट तिरक्या कॅमेऱ्याने घेतलाय. पाहताना मान आपोआप वाकडी होते. तिसरा आरोप विज्ञानाचा. चौथा नुसता रटाळपणाचा, आणि हा सिद्ध करायला सर्वांत अवघड, कारण रटाळ सिनेमात बोट ठेवावं असं काही घडतच नाही.

याशिवाय 'आपटला' हा पाचवा आरोप नेहमी घुसवला जातो. तो व्यवसायाचा मुद्दा आहे, कलाकृतीचा नाही. यादीबाहेर ठेवा.

आता यातला एकच आरोप निवडून ठराव लिहून काढा. "हा सिनेमा भंगार आहे" हा ठराव नव्हे. "मोठ्या बजेटच्या अंतराळपटांत सर्वांत चुकीचे निर्णय या सिनेमात घेतले गेले" हा ठराव. एकाच बैठकीत दोन आरोप घ्यायचे असतील तर दोन वेगळे वाद घाला.

तपासा: ठराव मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्यांपैकी कुणी "म्हणजे कोणत्या अर्थाने?" असं विचारलं, तर तो अजून कच्चा आहे.

## २. हद्द आखा

कोणते सिनेमे चालतील आणि कोणते नाहीत, हे नावं पुढे येण्याआधी ठरलं पाहिजे. नंतर ठरवलं तर प्रत्येक जण आपला लाडका वाचेल अशीच हद्द आखतो.

बजेटचे गट करा. 'रोबॉट मॉन्स्टर' (१९५३) मधला परग्रहवासी म्हणजे गोरिलाच्या पोशाखातला माणूस आणि त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण. नवीन पोशाख शिवायला पैसे नव्हते, हे उघड दिसतं. त्याची तुलना कोट्यवधी डॉलरच्या सिनेमाशी केली, तर आपण सिनेमा मोजत नाही, निर्मात्याचा खिसा मोजतो.

आवृत्ती नक्की करा. हे कुणी करत नाही, आणि मग दोघे जण एकाच नावाच्या दोन वेगळ्या सिनेमांवर भांडत बसतात. 'हायलँडर'चा दुसरा भाग १९९१ मध्ये आला, तेव्हा त्यातले अमर योद्धे अचानक परग्रहावरून आलेले निघाले. पहिला भाग आवडलेल्यांचा संताप झाला. पुढे आलेल्या सुधारित आवृत्तीत तो परग्रहच काढून टाकला गेला. त्यामुळे कोणती आवृत्ती पाहिली, हे न सांगता या सिनेमावर बोलण्यात अर्थ नाही.

दोष कुणाच्या माथी मारणार, तेही पाहा. 'सुपरनोव्हा' (२०००) च्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून थॉमस ली हे नाव दिसतं. या नावाचा दिग्दर्शक अस्तित्वातच नाही. वॉल्टर हिल यांनी सिनेमा सोडला, दुसऱ्यांनी कात्री चालवली आणि पडद्यावर टोपणनाव आलं. अशा वेळी "दिग्दर्शकाला अक्कल नाही" या वाक्याला पत्ताच उरत नाही.

मुद्दाम वाईट बनवलेले सिनेमे बाद. जो पडायलाच निघालाय, त्याला पाडण्यात काय मजा? उपहासाचं मात्र जपून करा. 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९९७) आला तेव्हा अनेकांनी त्यातला युद्धज्वर सरळ अर्थाने घेतला आणि त्याला झोडपलं. दिग्दर्शक त्याच ज्वराची टर उडवत होता. असा सिनेमा यादीत असेल, तर तो उपहास म्हणून वाचायचा की सरळ, हे आधीच नोंदवून ठेवा.

## ३. पूर्ण पाहा, हातात कागद घेऊन

ज्यावर बोलायचं तो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला हवा. चुकांचे दहा मिनिटांचे संकलित व्हिडिओ पाहून आलेला माणूस लगेच ओळखू येतो. त्याला सीन आठवतात, पण त्यांच्या आधी-नंतर काय होतं ते सांगता येत नाही.

कागदावर तीन रकाने पाडा: सिनेमा सुरू झाल्यापासूनची वेळ, पडद्यावर नेमकं काय दिसलं आणि त्यावरून कोणता आरोप. मधल्या रकान्यात विशेषणं नकोत. "फालतू इफेक्ट" असं लिहू नका. "यान वळतं तेव्हा वरची दोरी दिसते" असं लिहा. विशेषण वादात टिकत नाही, दोरी टिकते.

पडद्यामागची माहिती वेगळ्या कागदावर घ्या. 'प्लॅन नाइन'मधला नट बेला लुगोसी ऑगस्ट १९५६ मध्ये वारला. त्याची थोडीशी दृश्यं आधीच चित्रित झाली होती. उरलेल्या दृश्यांत दुसराच माणूस तोंडावर झगा धरून फिरतो. हा किस्सा भारी आहे आणि ऐकणाऱ्यांना हसवतोच. पण पुरावा म्हणून पडद्यावरची गोष्ट एवढीच, की एक पात्र सिनेमाभर तोंड लपवतं आणि अंगकाठीने आधीच्या माणसासारखं दिसत नाही. किस्सा माहीत नसलेल्या प्रेक्षकालाही जे खटकेल, तेच मोजा.

सावधान: वीस मिनिटांनंतर टिपणं विरळ झाली, तर त्याची दोन कारणं असू शकतात. एक तर सिनेमा सावरला, किंवा तुम्ही कंटाळलात. कोणतं ते प्रामाणिकपणे लिहा. रटाळपणाचा आरोप करायचा असेल, तर हाच तुमचा एकमेव पुरावा.

## ४. विज्ञानाची उलटतपासणी

सगळ्यात जास्त वाद इथेच फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

विज्ञानाची प्रत्येक चूक सारख्या वजनाची नसते. चुका चार ढिगांत वाटून घ्या.

सवलती. अंतराळातले धडाम आवाज, प्रकाशाहून वेगवान यानं, यानात चालता येईल असं गुरुत्वाकर्षण. या गोष्टी प्रेक्षकाने तिकिटाबरोबरच मान्य केलेल्या असतात. त्यावर गुण कापायचे नाहीत. "अंतराळात आवाज येत नाही" हे वाक्य बैठकीत सरळ बंद करून टाका. कुणाचंच नुकसान होणार नाही.

शोभेच्या चुका. काढून टाकल्या तरी कथेला धक्का लागत नाही अशा. थोडे गुण कापा आणि पुढे चला.

कण्याच्या चुका. अख्खी कथा जिच्यावर उभी आहे अशी चूक. 'द कोअर' (२००३) मध्ये पृथ्वीचा गाभा फिरायचा थांबतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि सूर्याकडून येणारे मायक्रोवेव्ह जग भाजून काढणार, असं संकट आहे. चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांना वळवतं. मायक्रोवेव्हवर भारच नसतो, त्यामुळे ते क्षेत्र असताना अडत नव्हते आणि गेल्यावर नव्याने येणार नाहीत. संकटच उरत नाही.

स्वतःचाच नियम मोडणं. माझ्या मते सर्वांत गंभीर गुन्हा हा, आणि तो सिद्ध करायला भौतिकशास्त्र लागतच नाही. 'बॅटलफील्ड अर्थ'मध्ये परग्रहवासी सोन्यासाठी हजार वर्षं पृथ्वी ओरबाडतायत. नायकाला सोनं खणायला पाठवतात, तर तो सरळ फोर्ट नॉक्स या अमेरिकी सरकारच्या तिजोरीतून घडीव विटा उचलून आणतो. म्हणजे सोन्याला हपापलेल्या जमातीला हजार वर्षांत सोन्याचं कोठार सापडलं नाही! पुढे गुहेत राहणारी माणसं तेवढीच जुनी लढाऊ विमानं थोड्याच दिवसांत शिकून उडवतात. इंधन, टायर, बॅटऱ्या सगळं ठणठणीत. इथे निसर्गाचा नियम काढावाच लागत नाही. सिनेमाने स्वतः सांगितलेली गोष्टच त्याच्या अंगावर येते.

### गणित करून दाखवा

चूक आहे असं म्हणणं वेगळं आणि किती मोठी ते दाखवणं वेगळं. 'आर्मागेडन' (१९९८) घ्या. टेक्सासएवढा लघुग्रह अठरा दिवसांत धडकणार, म्हणून त्यात ८०० फूट भोक पाडून अणुबॉम्ब उडवायचा.

ढोबळ मानाने असा लघुग्रह हजार किलोमीटर रुंद. ८०० फूट म्हणजे सुमारे २४० मीटर. एक मीटर व्यासाच्या चेंडूत पाव मिलिमीटर खोल भोक, एवढंच ते प्रमाण. टाचणीचा ओरखडा.

आता ऊर्जा. लघुग्रहांच्या पट्ट्यातला सर्वांत मोठा गोल सेरेस. त्याचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर, म्हणजे आपल्या मापाचाच. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेला असा गोल पूर्ण विखरून टाकायला साधारण ७.५ गुणिले दहाचा पंचविसावा घात एवढे ज्यूल लागतात. आजवर फोडलेला सर्वांत मोठा बॉम्ब, १९६१ चा सोव्हिएत 'झार', सुमारे ५० मेगाटनांचा होता. भागाकार केला की तसे सुमारे ३६ कोटी बॉम्ब लागतात. सिनेमात एक आहे. दोनच तुकडे करायचेत, विखरायचं नाही, असा बचाव येईल. तो मान्य करून मागणी हवी तेवढी खाली आणा. एका बॉम्बपर्यंत ती काही येत नाही.

आणि शेवटचा टोला. सेरेस १ जानेवारी १८०१ रोजी, त्या काळच्या दुर्बिणीतून सापडला. एवढा मोठा लघुग्रह कुणाला न दिसता पट्ट्यात बसून होता आणि जगाला अठरा दिवस आधी कळला, हे पटवणं अवघड आहे.

एवढं सिद्ध झाल्यावर सगळे टाळ्या वाजवतील. तेव्हाच अध्यक्षाने विचारायचं, "बरं, पण सिनेमा टुकार आहे का?" जगभरात ५५ कोटी डॉलरहून अधिक कमावणारा, १९९८ सालचा सर्वाधिक गल्ल्याचा सिनेमा तो. कमाई म्हणजे दर्जा नव्हे, पण ज्या थरारासाठी लोक गेले तो त्यांना मिळाला असावा. ठराव विज्ञानाचा असेल तर आरोप सिद्ध. निर्मितीचा असेल तर हे सारं गणित बिनकामाचं.

उलट उदाहरणही तयार ठेवा. 'ग्रॅव्हिटी' (२०१३) मध्ये अंतराळवीर हबल दुर्बिणीपासून अंतराळस्थानकाकडे पाठीवरच्या यंत्राच्या जोरावर निघतात. हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेली, स्थानकाची ५१.६ अंशांनी. ही कक्षा बदलायला वेगात सेकंदाला तीन किलोमीटरच्या आसपास फरक पाडावा लागतो. नासाच्या स्पेस शटलच्या काळातलं पाठीवरचं यंत्र एकूण सेकंदाला सुमारे पंचवीस मीटरचा फरक पाडू शकायचं. म्हणजे चूक कण्याचीच. तरीही सिनेमाला सात ऑस्कर मिळाले, आणि त्याला टुकार म्हणणारा अजून भेटायचाय.

### खोटे आरोप करू नका

समोरच्याला हरवायच्या घाईत वाद घालणाराच विज्ञानात आपटतो. दोन ठिकाणी हे हटकून होतं.

निर्वातात माणूस फुटत नाही, क्षणात गोठतही नाही. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात कक्षात चाचणी चालू असताना एका तंत्रज्ञाच्या सूटमधला दाब गेला. तो सुमारे चौदा सेकंद शुद्धीवर होता. जिभेवरची लाळ उकळल्यासारखी वाटली, ही त्याची शेवटची आठवण. तो वाचला. त्यामुळे '२००१: अ स्पेस ओडिसी'मधला हेल्मेटशिवाय यानात शिरण्याचा प्रसंग मुळात शक्यतेच्या हद्दीत आहे. तिथली खरी चूक बारीक आहे: नायक श्वास रोखून धरल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात हवा बाहेर सोडावी लागते, नाहीतर प्रसरण पावणारी हवा फुप्फुसं फाडते. असली बारीक चूक पकडलीत तर तुमच्या बाकीच्या मुद्द्यांचंही वजन वाढतं.

दुसरं, "अंतराळस्थानकावर गुरुत्वाकर्षण नसतं." तिथे जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं. स्थानक आणि माणसं एकत्र पडत असतात, म्हणून तरंगतात.

तपासा: विज्ञानाचा प्रत्येक आरोप चारपैकी कोणत्या ढिगात बसतो ते कागदावर लिहिलंय ना? नसेल तर तो मुद्दा मांडायचा नाही.

## ५. आकडे वाचायला शिका

समीक्षा गोळा करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज'वरचा टक्का म्हणजे सरासरी गुण नव्हेत. किती समीक्षकांनी सिनेमाला पसंती दिली, एवढंच तो सांगतो. सगळ्यांनी "बरा आहे" म्हटलं तर शंभर टक्के. निम्म्यांनी डोक्यावर घेतला आणि निम्म्यांनी फेकून दिला तर पन्नास. पन्नासवाला सिनेमा अनेकदा जास्त रंजक असतो.

सर्वांत वाईट सिनेमांना १९८१ पासून दिले जाणारे 'रॅझी' पुरस्कार सभासदांच्या मतांवर ठरतात, आणि फी भरून सभासद होता येतं. एन्नियो मोरिकोने यांच्या 'द थिंग' (१९८२) च्या संगीताला सर्वांत वाईट संगीताचं नामांकन मिळालं होतं. आज तो सिनेमा विज्ञान-भयपटांत अव्वल मानला जातो. म्हणून नामांकनाचा हवाला द्यायचा असेल तर जोडीला आजचं मतही शोधा. पाच वर्षांच्या आतले सिनेमे मी तर यादीतच घेणार नाही; राग आणि कौतुक दोन्ही ताजं असतं.

गल्ल्याचं थोडक्यात: 'प्लूटो नॅश' (२००२) ला सुमारे दहा कोटी डॉलर खर्च आला आणि जगभरातून सत्तर लाखांच्या आसपास जमले. यावरून लोक गेले नाहीत एवढंच कळतं. न गेलेल्यांना तो कसा वाटला असता, ते या आकड्यात नाही.

## ६. प्रत्यक्ष बोलायचा क्रम

एक अध्यक्ष हवा, ज्याचा स्वतःचा उमेदवार नाही. वकील, म्हणजे आरोप करणारा आणि बचाव करणारा, चिठ्ठी टाकून ठरवा. सिनेमाचा कट्टर चाहता चांगला बचाव करतो असं वाटतं, पण तो दुखावतो आणि दुखावलेला माणूस लांबण लावतो. चिठ्ठी टाकायची नसेल, तर ज्याला सिनेमा फारसा आवडलेला नाही, त्याच्यावर बचाव सोपवून पाहा. तो खरोखरच्या जमेच्या बाजू शोधून आणतो.

१. एक मिनिट: आरोप करणाऱ्याने आधी सिनेमा काय करू पाहत होता ते सांगायचं, आणि बचाव करणाऱ्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही.
२. चार मिनिटं: आरोप. जास्तीत जास्त तीन सीन, वेळेच्या नोंदीसह. चौथा सीन आला की समजा, पहिले तीन कमकुवत होते.
३. चार मिनिटं: बचाव, त्याच तीन सीनवर. नवीन सीन एकच आणता येईल.
४. तीन मिनिटं: बाकीच्यांचे प्रश्न. प्रश्नच, भाषणं नव्हेत.

पहिली पायरी लोकांना उगाच वाटते. पण "हा सिनेमा मुलांसाठी होता" किंवा "हा विनोदी होता" हा बचाव शेवटच्या मिनिटाला बाहेर येतो तो ती गाळल्यामुळेच, आणि मग सगळं पहिल्यापासून.

अध्यक्षाने तीन वाक्यं घंटा वाजवून थांबवायची: "सिनेमाच तर आहे", "डोकं बाजूला ठेवून पाहायचा" आणि "मग तो दुसरा कसा चालतो?" तिसरं वाक्य फक्त तो दुसरा सिनेमा त्याच बजेटगटातला आणि यादीतला असेल तरच चालेल.

सावधान: नट कसा दिसतो, त्याचा धर्म-पंथ कोणता, दिग्दर्शकाचं खासगी आयुष्य, या सगळ्याला दार बंद. हे मुद्दे आले की सिनेमा बाजूला पडतो आणि तो पुन्हा मध्ये आणता येत नाही.

## ७. मतदान

हात वर करून मत घेऊ नका. पहिला हात वर गेला की बाकीचे त्याच्यामागे जातात. चिठ्ठीवर क्रम लिहून घ्या: सर्वांत टुकार पहिला, त्याहून बरा दुसरा. पाच सिनेमे असतील तर पहिल्याला पाच गुण, शेवटच्याला एक, आणि बेरीज. एकच नाव लिहायला सांगितलं तर मत फुटतं आणि थोड्याच लोकांना नकोसा झालेला सिनेमा जिंकतो.

जो सिनेमा ज्याने पाहिला नाही, त्याच्या चिठ्ठीत ती जागा कोरी राहील. अशा वेळी बेरजेऐवजी प्रत्येक सिनेमाची सरासरी काढा, नाहीतर कमी लोकांनी पाहिलेला सिनेमा आपोआप सुटतो. निम्म्याहून कमी लोकांनी पाहिला असेल तर या फेरीतून बाद.

निकालासोबत कारणाचं एक वाक्य लिहून ठेवा, आणि त्यात ठरवलेला आरोप नावानिशी हवा. "पाहताना सगळे हसत सुटलो" असं कारण निघालं, तर तो सिनेमा या यादीतून काढा आणि वेगळ्या यादीत टाका. आपल्याला सव्वा तास हसवणाऱ्या 'प्लॅन नाइन'ला, एकही सीन न आठवणाऱ्या महागड्या सिनेमापेक्षा जास्त टुकार ठरवणं मला तरी पटत नाही.

बरोबरी झाली तर दोन्ही सिनेमांची मधली दहा मिनिटं, म्हणजे सुरुवात नाही आणि क्लायमॅक्सही नाही, सगळ्यांनी एकत्र पाहायची आणि पुन्हा चिठ्ठ्या टाकायच्या. कमकुवत सिनेमा तिथेच उघडा पडतो, कारण तिथे ना ओळख करून द्यायची असते, ना स्फोट घडवायचे असतात.